बंपरचा तडा घरी सांधताना : आधी प्लास्टिक ओळखा, मग हत्यार उचला

शहरात मोटार चालविणाऱ्याला बंपरचा तडा ही काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सोसायटीच्या तळघरातील खांब, पावसाच्या पाण्याखाली दडलेला खड्डा, वाजवीपेक्षा उंच गतिरोधक किंवा सिग्नलला मागून अलगद टेकलेली रिक्षा, यांपैकी कोणतेही एक निमित्त पुरते. गाडी व्यवस्थित चालत असते, दिवेही शाबूत असतात. केवळ बंपरच्या कोपऱ्यावर वीतभर चीर पडलेली असते. गॅरेजमध्ये विचारणा केली, की ‘हा दुरुस्त होत नाही, नवाच टाकावा लागेल’ असे उत्तर मिळते. मग एखादा रविवार पाहून घरातली गोंदाची नळी बाहेर निघते. तडा बुजविला जातो, वरून रंगाचा हात दिला जातो आणि पंधरा दिवसांत, पहिल्याच मोठ्या खड्ड्यानंतर, तो पुन्हा उघडतो.

यात चूक हाताची नसते, निदानाची असते. बंपरचे प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती बहुधा टिकत नाही. आणि जात ओळखून केलेली दुरुस्ती घरच्या साध्या हत्यारांनीही अनेक वर्षे टिकू शकते. त्याचबरोबर काही तडे घरी सांधू नयेत असे असतात. तेथे पैसा वाचविण्याच्या नादात गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसाची सुरक्षितता पणाला लागते. या दोन्ही बाजूंचा हा तपशीलवार आढावा.

बंपर म्हणजे नेमके काय?

अॅम्बेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात बंपर म्हणजे चकचकीत मुलामा दिलेली पोलादी पट्टी असे. ती वाकली की ठोकून सरळ करता येई. १९७२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने ‘रेनॉ ५’ या छोट्या गाडीला साच्यातून काढलेले प्लास्टिकचे बंपर दिले आणि पुढील दोन दशकांत जगभरच्या गाड्यांवरून पोलादी पट्टी हळूहळू नाहीशी झाली. प्लास्टिक हलके असते, गंजत नाही, हवा तो आकार घेते आणि किरकोळ धक्क्यानंतर पूर्ववत होते, ही त्यामागची कारणे.

तथापि, आज आपण ज्याला बंपर म्हणतो ते केवळ बाहेरचे आवरण असते. त्याची जाडी साधारणपणे अडीच ते साडेतीन मिलिमीटर एवढीच असते. त्याच्या मागे अनेक गाड्यांत धक्का शोषणारा फोमचा ठोकळा असतो आणि त्यामागे पोलादाची किंवा अॅल्युमिनियमची आडवी तुळई असते. अपघाताचा खरा भार ही तुळई आणि तिला सांगाड्याशी जोडणारे चुरगळणारे भाग घेतात. म्हणून तडा दिसताच पहिला प्रश्न ‘कशाने चिकटवू’ हा नसून ‘मागे काय झाले आहे’ हा असावयास हवा. आवरणाचा तडा ही दिसणारी इजा झाली. फोम चेपला असेल किंवा तुळई वाकली असेल, तर आवरण कितीही सुबक सांधले तरी गाडीचे संरक्षण अपुरेच राहते.

दुसरे असे, की प्रत्येक रेघ म्हणजे तडा नव्हे. कित्येकदा प्लास्टिक वाकून सरळ झालेले असते आणि फक्त वरचा रंग फुटलेला असतो. बंपरच्या मागे हात घालून किंवा विजेरीच्या उजेडात मागची बाजू पाहावी. मागे रेघ दिसत नसेल, तर काम केवळ रंगाचे आहे असे समजावे.

जात ओळखण्याच्या चार खुणा

आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये नियमित रचनेचे पॉलिप्रॉपिलीन तयार केले आणि बहुवारिकांवरील कामासाठी त्यांना व जर्मनीचे कार्ल झीग्लर यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बंपरसाठी या प्लास्टिकात लवचिकतेकरिता रबर आणि ताठरपणाकरिता शंखजिऱ्याची पूड मिसळतात. पुढची जाळी, आरशाचे कवच, मागच्या काचेवरील स्पॉयलर हे भाग मात्र बहुधा एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचे असतात. दोघांची दुरुस्ती परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहे.

ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण खुद्द भागावरच कोरलेली असते. ‘आयएसओ ११४६९’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार भागाच्या आतल्या बाजूला, दोन कोनी कंसांच्या मध्ये, प्लास्टिकचे संक्षिप्त नाव इंग्रजी अक्षरांत उमटविलेले असते. तेथे ‘पीपी’ किंवा ‘पीपी अधिक ईपीडीएम’ असे असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. पुढे ‘टी’ हे अक्षर व २० हा आकडा असेल, तर त्यात २० टक्के शंखजिरे आहे. ‘एबीएस’ असे असेल तर प्रश्नच मिटला. ‘पीसी’ म्हणजे पॉलिकार्बोनेट, ‘पीए’ म्हणजे नायलॉन आणि ‘पीयूआर’ म्हणजे पॉलियुरेथेन.

खूण सापडली नाही, तर स्पर्शाने अंदाज बांधता येतो. पॉलिप्रॉपिलीन नखाला किंचित मेणचट लागते, वाकविल्यास सहज वाकते. एबीएस टणक असते आणि टिचकी मारल्यास खणखणीत वाजते. तिसरी कसोटी अॅसिटोनची. मागच्या बाजूस न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थेंबभर अॅसिटोन लावावे. एबीएस असेल तर पृष्ठभाग चिकट होतो, पॉलिप्रॉपिलीनवर काहीही परिणाम होत नाही. रंगावर मात्र हा प्रयोग करू नये, कारण अॅसिटोन रंग उतरविते.

चौथी कसोटी कारागीर मंडळींची आहे आणि तीच सर्वांत उपयोगी. भरावासाठी जी प्लास्टिकची कांडी वापरावयाची, तिचे टोक गरम हत्याराने बंपरच्या मागच्या बाजूला वितळवून चिकटवावे आणि पूर्ण थंड झाल्यावर ओढून पाहावे. एकाच जातीचे असेल तर ते उखडता उखडत नाही. जात वेगळी असेल तर पापुद्र्यासारखे सुटून येते. पाण्यात तुकडा तरंगतो की बुडतो हे पाहण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण तो फसवा आहे. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते हे खरे. मात्र बंपरमध्ये शंखजिऱ्याचे प्रमाण अधिक असल्यास तोच तुकडा बुडतो.

गोंद का टिकत नाही?

पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या इतका उदासीन असतो, की त्यावर द्रव पदार्थ नीट पसरतच नाहीत. अळवाच्या पानावर पाणी ठरू नये तसाच हा प्रकार. सायनोअॅक्रिलेट जातीचा झटपट गोंद, दोन नळ्यांचा इपॉक्सी किंवा पाइपाची गळती बुजविण्याची लुगदी यांतील कोणताही पदार्थ विशेष प्रायमरशिवाय त्याला घट्ट धरीत नाही. शिवाय झटपट गोंद वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. बंपर मात्र धावत्या गाडीत सतत थरथरत असतो, दुपारच्या उन्हात प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो. ठिसूळ सांधा लवचिक भागावर फार दिवस तग धरू शकत नाही.

पॉलिप्रॉपिलीनचा एक गुण मात्र आपल्या पथ्यावर पडतो. ते उष्णतेने मऊ होणारे प्लास्टिक आहे. साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला ते वितळते आणि थंड झाल्यावर पुन्हा मूळ स्वरूप धारण करते. म्हणून त्याचा योग्य उपाय वितळवून सांधणे, म्हणजेच प्लास्टिक वेल्डिंग, हा आहे.

घरी करू नये अशी कामे

पुढील बाबतींत घरगुती दुरुस्तीचा मोह टाळणेच इष्ट.

- एअरबॅग झाकणारे डॅशबोर्डचे वा स्टिअरिंगचे आवरण. ते ठरावीक रेषेवर फाटावे अशा बेताने बनविलेले असते. सांधलेले आवरण ऐन वेळी उघडले नाही किंवा त्याचा तुकडा उडाला, तर जिवावर बेतू शकते.
- इंधनाची प्लास्टिकची टाकी, रेडिएटरच्या टाक्या व ब्रेकच्या द्रवाची बाटली.
- हेडलाइटची फुटलेली काच. तिच्यातून आत ओलावा जातो आणि प्रकाशाचा झोत विस्कटतो.
- बंपर ज्या पकडींवर टेकतो त्यांपैकी अनेक तुटलेल्या असणे. अशा वेळी धावत्या गाडीतून बंपर निखळण्याचा धोका असतो.
- मागची तुळई वाकलेली असणे अथवा फोमचा ठोकळा फुटलेला असणे. हे भाग बदलावेच लागतात.
- रडार असलेल्या जागेवरील तडा. काही नव्या गाड्यांत बाजूचे वाहन ओळखणारे रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यांआड दडलेले असते. त्यापुढे चढविलेला भराव किंवा रंगाचा जाड थर त्याची दृष्टी अधू करू शकतो.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे वळताना सूचना देणारे सेन्सर बंधनकारक झाले. हे सेन्सर बंपरच्या भोकांतच बसतात. तडा त्या भोकातून जात असेल, तर सेन्सरचा कोन किंचित बदलला तरी तो चुकीची सूचना देऊ लागतो. तेथील काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

काही जण सांधलेल्या बंपरला आधार म्हणून बाहेरून पोलादी नळ्यांचा गार्ड बसवितात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्याची सूचना राज्यांना केली होती. कारण उघड आहे. गार्डमुळे धक्का शोषला न जाता थेट सांगाड्याकडे जातो आणि पादचाऱ्याला गंभीर इजा होण्याची शक्यता वाढते. प्लास्टिकचे मऊ आवरण ही रस्त्यावरून चालणाऱ्याचीही सोय आहे, हे विसरू नये.

विम्याचा हिशेब आधी मांडावा

‘विमा आहे, मग घरी कशाला?’ असा प्रश्न स्वाभाविक आहे. सर्वसाधारण सर्वंकष विमा पॉलिसीत प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, मग गाडी नवी असो वा जुनी. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीसाठी २,००० रुपये मालकाला अनिवार्यपणे स्वतः सोसावे लागतात.

याहून मोठे नुकसान बोनसचे होते. दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरावयाच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे अनुक्रमे २५, ३५ व ४५ टक्के आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सवलत मिळते. एक दावा केला की साधारणपणे ही शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

उदाहरणादाखल, एक हजार सीसीच्या गाडीचा बंपर ६,००० रुपयांचा आहे आणि मालकाने ५० टक्के बोनस मिळविलेला आहे असे समजू. घसाऱ्यानंतर उरतात ३,००० रुपये, त्यातून अनिवार्य वाटा वजा जाता २,००० रुपये. मजुरी व रंगकामापोटीचा काही भाग वेगळा. या गाडीचा त्या भागाचा मूळ हप्ता ८,००० रुपये असेल, तर बोनस गेल्याने केवळ पुढच्या एका वर्षातच ४,००० रुपये जादा भरावे लागतील. ‘झीरो डेप’ची जोड घेतलेली असेल तर घसारा कापला जात नाही, परंतु बोनसचा प्रश्न तसाच राहतो, त्यासाठी बोनस संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. मोठ्या अपघातात दावा करणे शहाणपणाचेच आहे. वीतभर तड्यासाठी मात्र आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. त्याचप्रमाणे, दावा करावयाचा विचार असेल तर विमा कंपनीच्या पाहणीपूर्वी बंपरला हात लावू नये.

लागणारे साहित्य

जाड, चपट्या टोकाची सोल्डरिंगची इस्त्री, शक्य झाल्यास तापमान कमी-जास्त करता येणारी; पॉलिप्रॉपिलीनच्या कांड्या; स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी; अॅल्युमिनियमची चिकटपट्टी; तीन मिलिमीटरचे छिद्र पाडण्याचे ड्रिल; धारदार पाते; ८० ते ६०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर; आयसोप्रोपिल अल्कोहोल; प्लास्टिकसाठीचा प्रायमर; बंपरसाठीची लवचिक लांबी आणि गाडीच्या रंगाचे डबे. कांड्या मिळाल्या नाहीत, तर त्याच खुणेचा जुना फुटका बंपर आणून त्याच्या पट्ट्या कापाव्यात. पुण्यातील नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर सुट्या व जुन्या भागांची दुकाने आहेत. तेथे खूण पाहूनच तुकडा घ्यावा.

कृती : तयारी

बंपर सुटा करून काम केल्यास ते निःसंशय अधिक चांगले होते, कारण सांध्याची खरी ताकद मागच्या बाजूने येते. इंजिन बंद करून चावी काढावी. बॉनेटखालचे, चाकाच्या कमानीतले आणि तळाचे स्क्रू व प्लास्टिकच्या क्लिपा काढाव्यात. फॉग दिव्यांचे आणि सेन्सरचे जोड ओढाताण न करता सोडवावेत. क्लिपांच्या जागांचे छायाचित्र काढून ठेवल्यास परत बसविताना घोळ होत नाही. बंपर काढताना दुसऱ्या माणसाने एक बाजू धरावी; एकट्याने केल्यास नवा तडा जाण्याची शक्यता अधिक.

त्यानंतर बंपर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, तड्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जागा अल्कोहोलने पुसावी. पॉलिशचा अंश राहिला तर पुढचे सारे श्रम वाया जातात. आकार चेपला गेला असेल, तर मागून-पुढून उकळते पाणी सावकाश ओतावे किंवा केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब द्यावी आणि जाड हातमोजे घालून आतून दाबावे. मऊ झालेले प्लास्टिक बहुधा आपल्या मूळ आकाराकडे वळते. आकार सरळ केल्याविना तडा कधीही सांधू नये.

आता तडा जेथे संपतो तेथे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. टोकदार चिरेच्या अग्राशी ताण एकवटतो आणि ती पुढे सरकत राहते. गोल छिद्रामुळे तो ताण विभागला जातो. या एका छोट्या छिद्राअभावी अनेक दुरुस्त्या फसतात.

कृती : सांधणे

तड्याच्या कडा तंतोतंत जुळवून दर्शनी बाजूने अॅल्युमिनियमची पट्टी घट्ट चिकटवावी. मग बंपर उलटा करून मागच्या बाजूने काम सुरू करावे. प्रथम इस्त्रीच्या टोकाने दर दोन-अडीच सेंटिमीटरवर टाके घ्यावेत, म्हणजे कडा हलणार नाहीत. त्यानंतर तड्याच्या रेषेवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच करावी. तिची खोली जाडीच्या निम्म्याहून थोडी अधिक असावी.

खाचेच्या दोन्ही भिंती आणि कांडीचे टोक एकाच वेळी मऊ करीत खाच भरत जावे. केवळ कांडी वितळवून वर ओतली तर ती मेणाच्या थेंबासारखी नुसती बसते, एकजीव होत नाही. प्लास्टिक लोण्याइतके मऊ व्हावे, पण धूर निघता कामा नये. धूर म्हणजे प्लास्टिक जळते आहे आणि जळलेला सांधा कमकुवत होतो. अशा वेळी तापमान कमी करावे किंवा हात जरा भरभर फिरवावा.

खाच भरल्यावर तड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण दीड-दोन सेंटिमीटर पुरेल एवढी जाळीची पट्टी कापावी. तिच्यावर इस्त्री टेकवून ती प्लास्टिकात अर्ध्या जाडीपर्यंतच बुडवावी आणि वरून कांडीचा थर देऊन पूर्ण झाकावी. काँक्रीटमध्ये सळई जे काम करते तेच येथे जाळी करते. जाळी फार खोल गेली तर दर्शनी बाजूला तिची नक्षी उमटते. काही कारागीर जाळीऐवजी तापवून रोवण्याच्या नागमोडी पिना वापरतात. त्याही चालतात, मात्र पॉलिप्रॉपिलीनमध्ये केवळ पिनांवर भिस्त न ठेवता खाच भरावीच.

सांधा आपोआप थंड होऊ द्यावा. घाईने पाणी मारल्यास भाग वाकडा होतो आणि आत ताण राहतो. तासाभराने हलकेच वाकवून पाहावे. रेषेवर पांढरी कड उघडताना दिसली, तर भराव खोलवर गेलेला नाही. तेवढा भाग पुन्हा करावा. मागची बाजू पक्की झाल्यावर पट्टी काढून दर्शनी बाजूस जाडीच्या एक तृतीयांश खोलीची खाच करावी आणि तीही तशीच भरावी. दोन्ही खाचा आतल्या आत मिळाल्या म्हणजे आरपार सांधा तयार होतो.

नवख्याने हा प्रयोग थेट बंपरवर करू नये. जुन्या तुकड्याला मुद्दाम चीर पाडून ती सांधावी, थंड होऊ द्यावी आणि मोडून पाहावी. दोन-तीन प्रयत्नांत हाताला अंदाज येतो.

एबीएसची गोष्ट निराळी

पुढची जाळी किंवा आरशाचे कवच एबीएसचे असेल, तर उष्णतेपेक्षा द्रावक सोपे पडते. एबीएसचा कीस काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये रात्रभर भिजत ठेवला, की मधासारखी लापशी तयार होते. ती तड्याच्या मागच्या बाजूने पातळ थरांत लावावी आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. अॅसिटोन उडून गेल्यावर मागे उरते ते एबीएसच. पूर्ण ताकद येण्यास एक-दोन दिवस लागतात. चकचकीत मुलामा दिलेल्या पृष्ठभागावर ही लापशी धरत नाही. मुलामा खरवडून काढावा लागतो. एबीएसला चांगल्या प्रतीचा इपॉक्सीही चिकटतो. अॅसिटोनची वाफ झटकन पेट घेते, त्यामुळे देवघरातली समई, गॅसची शेगडी किंवा पेटती उदबत्ती जवळपास असता कामा नये.

लांबी आणि रंग

सांधा झाल्यावर फुगवटा धारदार पात्याने तासावा, मग ८०, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवावा. पॉलिप्रॉपिलीन जोराने घासल्यास गरम होऊन त्याचे केस निघतात; म्हणून सावकाश घासावे. उरलेले खळगे भरण्यासाठी पत्र्यावर वापरतात ती नेहमीची लांबी वापरू नये. ती कडक असते आणि बंपर वाकताच तडकते. प्लास्टिकसाठीची लवचिक लांबी मागून घ्यावी आणि ती पातळच लावावी. उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिकचा प्रायमर मारणे अनिवार्य आहे. हा प्रायमर न मारल्यानेच पुढे रंगाचे पापुद्रे निघतात.

गाडीच्या रंगाचा क्रमांक सहसा दाराच्या खांबावरील वा इंजिनाजवळील पट्टीवर असतो. त्यावरून रंग मिळवून घ्यावा. साधा पांढरा किंवा काळा रंग घरी बऱ्यापैकी जुळतो. चंदेरी आणि मोतिया छटा जुळविणे अवघड असते, कारण त्यातील कणांची बैठक फवारण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. अशा वेळी सांधणे घरी आणि रंगकाम गॅरेजमध्ये अशी विभागणी केल्यास खर्चही आटोक्यात राहतो आणि ठिगळही दिसत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई व कोकणात, रंगाची घाई करू नये. दमट हवेत रंगातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओलावा साठतो आणि पांढुरका धुरकटपणा येतो. पावसाने उघडीप दिलेली कोरडी दुपार पाहून काम करावे. तोवर सांधा प्रायमरखाली सुरक्षित राहतो.

काळजी कोणती घ्यावी?

प्लास्टिक तापविताना व रंग फवारताना मोकळ्या हवेत बसावे, चष्मा व हातमोजे वापरावेत. वाफेसाठी कोळशाचे गाळणे असलेला मुखवटाच उपयोगी पडतो. रुमाल किंवा धुळीसाठीचा कागदी मुखवटा पुरेसा नाही. ‘पीयूआर’ अशी खूण असलेला भाग कदापि तापवू नये, त्यातून आयसोसायनेटसारखे विषारी वायू निघतात. तोच धोका दोन घटकांच्या पारदर्शक लॅकरमध्ये असतो. एकदा त्याची संवेदनशीलता जडली की दम्यासारखा त्रास उद्भवू शकतो. म्हणून घरी एका घटकाचाच लॅकर वापरावा आणि दोन घटकांचे काम रंगशाळेवर सोपवावे. लहान मुले आणि दमेकरी आसपास नसावेत, हे वेगळे सांगावयास नको.

गाडी रस्त्यावर असताना बंपर लोंबू लागला, तर तड्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून प्लास्टिकच्या बंधपट्ट्यांनी टाके घालता येतात. हा उपाय घरापर्यंत पोहोचण्यापुरताच. तसा बंपर घेऊन द्रुतगती मार्गावर जाणे मागच्या वाहनाच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे.

परत बसविल्यानंतर

बंपर चढविल्यावर दिवे, फॉग दिवे व मागचे सेन्सर तपासावेत. गाडी भिंतीजवळ सावकाश नेऊन सेन्सरची सूचना योग्य अंतरावर येते का, हे पाहावे. दोन्ही कोपरे हाताने हलवून पकडी घट्ट असल्याची खात्री करावी. महिन्याभराने मागच्या बाजूने सांधा पुन्हा एकदा पाहावा. रेघ जैसे थे असेल तर काम फत्ते झाले असे समजावे.

फुटलेला प्रत्येक बंपर टाकाऊ नसतो आणि प्रत्येक बंपर घरी सांधण्याजोगाही नसतो. त्यांतला फरक गोंदाच्या नळीवर छापलेला नसतो. तो बंपरच्या मागे कोरलेल्या दोन-तीन अक्षरांत आणि त्यामागच्या तुळईच्या अवस्थेत वाचता येतो. पाच मिनिटे काढून तेवढे वाचले, तर रविवारचा दिवसही सत्कारणी लागतो आणि खिशावरचा भारही हलका होतो. तुळई वाकलेली आढळली, तर मात्र हत्यारे पेटीत ठेवून गॅरेजचा रस्ता धरण्यातच शहाणपण आहे.